मदत हवी आहे: इंग्रजीतलं ॲडजेक्टिव्ह नक्की ओळखायचं कसं?

सातवीची_आई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मुलगा सातवीत, सेमी इंग्रजी. परवा घटक चाचणीचा पेपर घरी आला. अधोरेखित शब्दाची जात ओळखा, असा दहा मार्कांचा प्रश्न होता, त्यात चार. मार्कांचं एवढं वाटलं नाही, पण पेपर घेऊन त्याला समजवायला बसले आणि अर्ध्या तासात माझीच दांडी गुल झाली.

मी मराठी माध्यमाची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. पण व्याकरण मात्र घोटून पाठ होतं: नामाबद्दल विशेष माहिती सांगतो तो शब्द विशेषण. तेच ॲडजेक्टिव्ह, एवढं सांगून मी मोकळी झाले. तर चिरंजीवांचं स्वतःचं शास्त्र निघालं, क्लासमधल्या मित्राकडून आलेलं. शेवटी 'ली' असेल तर ॲडव्हर्ब. नामाच्या आधी आलं तर ॲडजेक्टिव्ह. व्हर्बच्या नंतर आलं तर ॲडव्हर्ब. यातलं काहीच नसेल तर नाउन लिहून पुढे जायचं.

या शास्त्रापायी गेलेले मार्क असे:

"शी गेव्ह मी अ फ्रेंडली स्माइल." फ्रेंडली, त्याने लिहिलं ॲडव्हर्ब. ली आहे ना!

"द सूप स्मेल्स गुड." गुड, ॲडव्हर्ब. व्हर्बच्या नंतर आहे ना!

"ही रन्स फास्ट." फास्ट, ॲडजेक्टिव्ह. म्हटलं, अरे हे पण व्हर्बच्या नंतरच आहे की. तर म्हणतो, "हो, पण ली कुठाय? आणि बाईंनी फास्ट ट्रेनमधलं फास्ट ॲडजेक्टिव्ह सांगितलं होतं."

"दिस इज माय बॅग." माय, प्रोनाउन. चूक म्हणे. इथे मीसुद्धा प्रोनाउनच लिहिलं असतं.

"वी मेट ॲट द बस स्टॉप." बस, नाउन. त्यावर लाल रेघ आणि बाजूला बाईंच्या अक्षरात ॲडजेक्टिव्ह. बस ॲडजेक्टिव्ह कधीपासून झाली?

आणि खरा पेच शेवटी. वाक्य बनवा, यात त्याने "शी सिंग्ज गुड" लिहिलं, तिथे अर्धा मार्क कापला. तो मला विचारतो, "आई, ती चांगली गाते. चांगली म्हणजे गुड. मग चुकलं काय?" मला सांगता आलं नाही. 'वेल' लिहायचं असतं एवढं माहीत आहे, का ते नाही.

कृपया चांगला क्लास लावा असं सुचवू नका. हे सगळं क्लासमधूनच आलंय.

रिकामटेकडा

क्लास लावा.

(पळतो. हलकेच घ्या.)

बाकी बस नामाच्या आधी येते म्हणून ॲडजेक्टिव्ह झाली असेल तर भाग्यवान म्हणायचे. आमच्या स्टॉपवर ती कशाच्याच आधी येत नाही.

निवृत्त_मास्तर

ताई, तीस वर्षं पेठेतल्या शाळेत इंग्रजी शिकवलं. तुमच्या चिरंजीवांचं शास्त्र मी दर वर्षी वाचायचो, फक्त अक्षर वेगळं असायचं. ते अगदीच टाकाऊ नाही. घोटाळा एवढाच की तो शब्दाकडे एकटं बघतो. शब्दाच्या कपाळावर जात लिहिलेली नसते. वाक्यात तो काय काम करतोय ते बघायचं.

त्याला 'राउंड' हा एकच शब्द द्या. राउंड टेबल, इथे ॲडजेक्टिव्ह. वॉचमन रात्री एक राउंड मारतो, तो राउंड नाउन. हिशेबात आकडा राउंड करतो, तेव्हा व्हर्ब. राउंड द कॉर्नर म्हटलं की प्रिपोझिशन. ही टर्न्ड राउंड, म्हणजे तो मागे वळला, इथे ॲडव्हर्ब. पाच कामं, स्पेलिंग तेच. आता या शब्दाची जात कोणती म्हणून विचारलंत तर मी उलट विचारणार, कुठल्या वाक्यातली?

'ली'चं म्हणाल तर ली काढून टाका आणि मागे काय उरतं ते बघा. क्विकलीतून ली काढलं, क्विक उरलं. ते ॲडजेक्टिव्ह, म्हणून ली लागल्यावर ॲडव्हर्ब झालं. फ्रेंडलीतून ली काढलं तर उरतो फ्रेंड. तो नाउन. नाउनला ली लागलं की बहुतेक वेळा ॲडजेक्टिव्ह होतं: फ्रेंडली, कॉस्टली, ब्रदरली, काउअर्डली. मित्र, मित्रत्वाचा. भाऊ, भावासारखा. डेली, वीकली, मंथली ही मंडळी दोन्हीकडची: डेली पेपर म्हटलं की ॲडजेक्टिव्ह, पेपर कम्स डेली म्हटलं की ॲडव्हर्ब. आणि सिली, अगली यांतलं ली काढून हाती काहीच लागत नाही, ते मुळातले ॲडजेक्टिव्ह. एवढे पाठ करावे लागतील, इलाज नाही.

सूपचं वाक्य सोपं आहे. सूप काही स्वतः नाक लावून वास घेत नाहीये. आपण सूप कसं आहे ते सांगतोय. स्मेल्स काढून तिथे इज घाला: द सूप इज गुड. अर्थ जागेवर राहिला ना? मग तो शब्द सूपचा, क्रियेचा नाही. स्मेल, टेस्ट, लुक, फील, साउंड, सीम, बिकम, ही सगळी पुलाचं काम करणारी क्रियापदं. पुलावरून पलीकडे गेलेला शब्द नामाचाच राहतो.

चहा_कटिंग

मास्तर, माफ करा, पण तुमची इजची युक्ती फास्टला घालून बघितली. ही रन्स फास्ट, ही इज फास्ट. चालतंय की! म्हणजे इथेही ॲडजेक्टिव्ह?

निवृत्त_मास्तर

बरोबर पकडलंत, युक्ती तेवढ्यापुरतीच आहे. पोरं वर्गात हेच विचारायची, आणि मग दुसरी युक्ती काढावी लागायची.

ज्या शब्दाची दोन रूपं एकसारखी दिसतात, तो काढून तिथे दोन रूपं वेगळी असणारा भाऊबंद बसवायचा. फास्टचा भाऊबंद क्विक. ही रन्स च्या पुढे क्विक बसतो की क्विकली? क्विकली. म्हणजे ती जागा ॲडव्हर्बची. 'अ ... ट्रेन' मध्ये काय बसतं? क्विक. ती जागा ॲडजेक्टिव्हची. सूपला हीच परीक्षा लावा: द सूप स्मेल्स डिलिशस. डिलिशसली कोणी म्हणत नाही. झालं.

आणि एकाच क्रियापदाची दोन्ही रूपं शेजारी ठेवायची असतील तर लुक घ्या. ही लुक्ड अँग्री, तो चिडलेला दिसत होता. ही लुक्ड अँग्रिली ॲट द डॉग, त्याने कुत्र्याकडे चिडून बघितलं. पहिल्यात त्याचा चेहरा, दुसऱ्यात त्याचं बघणं. मराठीत 'दिसणे' आणि 'बघणे' अशी दोन वेगळी क्रियापदं आहेत म्हणून आपल्याला फरक लगेच कळतो. पोराला आधी मराठीत वाक्य म्हणायला लावा.

शब्दखोर

मास्तरांचं बाकी सगळं मान्य, पण "आधी मराठीत म्हणायला लावा" याच्यावर सांभाळून. शी सिंग्ज गुडचा घोटाळा नेमका तिथूनच आलाय. ताई, तुमच्या लेकाने चूक केली ती मराठी उत्तम येत असल्यामुळे.

हे बघा. तो चांगला गातो. ती चांगली गाते. मुलं चांगली गातात. इथे 'चांगला' काम करतोय गाण्याच्या क्रियेचं, कसं गातो ते सांगतोय, पण लिंगवचन गाणाऱ्याचं घेऊन फिरतोय. म्हणजे कपडे विशेषणाचे आणि नोकरी क्रियाविशेषणाची. आणखी मजा बघा: "तिने गाणं चांगलं म्हटलं." आता तो गाणारीला सोडून गाण्याच्या मागे गेला. "तिला चांगलं गाता येतं" म्हणताना कोणीच धनी नाही, म्हणून नपुंसकलिंगी होऊन बसला. आपण हे सगळं दिवसभर विचार न करता बोलतो. छान, मस्त, सुरेख हे तर रूपही बदलत नाहीत: छान गाणं, छान गाते. मराठी पोराच्या डोक्यात चांगलं हा एकच डबा आहे आणि त्यातून तो दोन्ही ठिकाणी वाढतो.

इंग्रजीत उलटा कारभार. तिथलं ॲडजेक्टिव्ह नामाच्या लिंगवचनाला अजिबात भीक घालत नाही. टॉल बॉय, टॉल गर्ल, टॉल बॉइज. उंचच उंच. पण तेच नाम सोडून क्रियापदाकडे जायचं म्हटलं की बहुतेक वेळा ली लावून जावं लागतं. आणि गुड हा त्यातला जुना आडमुठा, तो ली लावतच नाही, तिथे वेल हा वेगळाच शब्द पाठवतो. त्यामुळे लेकाला सांगा: चांगली म्हणजे गुड हे अर्धंच खरं. 'चांगली मुलगी'तली चांगली म्हणजे गुड, 'चांगली गाते'तली चांगली म्हणजे वेल. मराठीत शब्द एक, जागा दोन.

मायचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे, फक्त मराठी व्याकरणाच्या कप्प्यात ठेवून विसरलात. सार्वनामिक विशेषण आठवतंय का? "तो आला" यात तो सर्वनाम, "तो मुलगा आला" यात तो विशेषण. माझं पुस्तक, हे घर, कोणता रस्ता. तसंच दिस इज माय बॅग. गंमत म्हणजे या एकाच वाक्यात दिस एकटा उभा आहे म्हणून प्रोनाउन, आणि माय बॅगला चिकटलाय म्हणून ॲडजेक्टिव्ह. दिस बॅग इज माइन केलंत की दोघांची अदलाबदल: आता दिस ॲडजेक्टिव्ह आणि माइन प्रोनाउन. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून फ्रिजवर लावा.

(नवीन व्याकरणवाले माय, दिस, द, सम यांना ॲडजेक्टिव्ह म्हणतच नाहीत, त्यांची डिटर्मिनर नावाची वेगळी पंगत बसवतात. शाळेतल्या पेपरात ॲडजेक्टिव्हच लिहावं.)

सातवीची_आई

शब्दखोर, "कपडे विशेषणाचे आणि नोकरी क्रियाविशेषणाची" हे त्याला वाचून दाखवलं. दहा मिनिटं हसला आणि मग स्वतःच म्हणाला, "बाबा चांगला स्वयंपाक करतात, पण स्वयंपाक चांगला करत नाहीत." मी म्हटलं, म्हणजे रे? म्हणाला, "पदार्थ चांगला होतो पण ओटा घाण करतात." नवरा शेजारी होता. व्याकरणाचा उपयोग नाही असं कोण म्हणतं!

बसचं कोणी सांगेल का?

कोथरूडकर_ईई

बस नाउनच. मुलगा बरोबर, बाई चूक. बोलून या शाळेत.

निवृत्त_मास्तर

इतकी घाई नको. बाईंच्या बाजूनेही बोलतो, मी त्याच खुर्चीत बसलोय. नामाच्या आधी येऊन नामाचं वर्णन करतो तो ॲडजेक्टिव्ह, अशी व्याख्या पुस्तकात असली तर बस, स्टील, स्कूल ही सगळी मंडळी त्यात बसतात. कित्येक वर्षं शाळांतून "नाउन यूज्ड ॲज ॲडजेक्टिव्ह" असंच शिकवलं गेलं.

शब्दखोर

शिकवलं गेलं हे खरं, पण परीक्षा लावून बघू. खऱ्या ॲडजेक्टिव्हला साधारण तीन गोष्टी जमतात. व्हेरी लागतं: व्हेरी हॉट टी. नामाच्या आधीची जागा सोडून इजच्या पलीकडे जाता येतं: द टी इज हॉट. आणि तुलना होते: हॉटर, हॉटेस्ट. आता बस घ्या. व्हेरी बस स्टॉप? द स्टॉप इज बस? माझा स्टॉप तुझ्यापेक्षा बसर? तिन्हीत नापास. म्हणजे बस हा नाउनच, नुसता दुसऱ्या नाउनच्या आधी उभा राहिलाय.

हे मराठीत किती साधं आहे बघा. देवघर, पोळपाट, बसथांबा. देवघरातला देव विशेषण आहे असं आपल्या स्वप्नातही येत नाही, कारण आपण दोन शब्द चिकटवून लिहितो आणि त्याला समास म्हणतो. इंग्रजीवाले मध्ये जागा सोडतात आणि त्या रिकाम्या जागेत पोरांचे मार्क पडतात.

परीक्षाही अगदी शंभर टक्के नाही हं. मेन रोडमधला मेन ॲडजेक्टिव्हच, पण व्हेरी मेन म्हणता येत नाही आणि द रोड इज मेनही नाही. अस्लीप उलटा, तो फक्त इजच्या पलीकडे बसतो, अस्लीप बेबी म्हणता येत नाही. तरी दहापैकी नऊ वेळा काम भागतं.

थोडं अवांतर. ॲडजेक्टिव्हची अशी स्वतंत्र जात मानायची ही काही अनादि गोष्ट नाही. यास्क या प्राचीन संस्कृत भाषापंडिताने शब्दांच्या चारच जाती केल्या: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (म्हणजे अव्ययं). विशेषण नामाच्याच पोटात, कारण संस्कृतात त्याला विभक्ती नामासारखीच लागते. जुन्या ग्रीक आणि लॅटिन व्याकरणातही हेच, नाम आणि विशेषण एकाच घरात. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं. शाळेत आपण पाठ केलेल्या नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि पुढची चार अव्ययं या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या साच्याशी इतक्या जुळतात त्यामागे हा काळ आहे. त्यामुळे ताई, तुमचं "विशेषण म्हणजेच ॲडजेक्टिव्ह" हे बरोबरच होतं. साचा एक, आत ओतलेलं पीठ वेगळं.

निवृत्त_मास्तर

यास्कापर्यंत गेलात! पोराची चाचणी पुढच्या महिन्यात आहे हो.

ताई, व्यवहाराचं सांगतो. बाईंशी भांडू नका, विचारा. "बस स्टॉपसारख्या शब्दात तुम्हाला उत्तर काय अपेक्षित आहे?" एवढंच. बहुतेक बाई सांगतील, आणि पेपरात तेच लिहायचं. खात्री नसेल तेव्हा "नाउन, डुइंग द वर्क ऑफ ॲन ॲडजेक्टिव्ह" असं पूर्ण लिहावं. मी तपासताना अशा उत्तराला नेहमी पूर्ण मार्क दिले, कारण मुलाला दोन्ही बाजू कळल्यात हे दिसतं.

चहा_कटिंग

याच रांगेत माझाही प्रश्न लावतो. स्विमिंग पूलमधलं स्विमिंग काय? आणि बॉइलिंग वॉटरमधलं बॉइलिंग? दोन्हीला आयएनजी आहे.

निवृत्त_मास्तर

पाणी स्वतः उकळतंय म्हणून बॉइलिंग वॉटर, उकळतं पाणी, विशेषण. आपल्याकडचं धातुसाधित, म्हणजे क्रियापदापासून बनलेलं विशेषण: वाहती नदी, पिकलेला आंबा. पूल पोहत नाही, पूल पोहण्यासाठी आहे. तिथे स्विमिंग म्हणजे पोहणं, नाम. वॉकिंग स्टिक तशीच, काठी चालायला लागली तर पळा.

तसंच बोअरिंग आणि बोअर्ड. समोरच्याला कंटाळा आणतो तो बोअरिंग, ज्याला कंटाळा आला तो बोअर्ड. आमच्या वर्गात एक जण उभा राहून अगदी नम्रपणे म्हणाला होता, सर, आय ॲम बोअरिंग. मी म्हटलं, बस खाली, मला आधीपासून माहीत आहे.

सातवीची_आई

मंडळी, आठवड्याने धागा वर काढतेय, वृत्तांत द्यायला.

तुमच्या युक्त्या वहीत उतरवून घेतल्या, पण वही उघडायला तयार होईना. शेवटी रविवारी अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जाताना स्कूटरवर मागे बसवला आणि सांगितलं, इंग्रजी पाटी दिसली की एक शब्द निवडायचा आणि जात सांगायची. बरोबर आली तर येताना सुरळीची वडी.

पहिलीच पाटी स्पीड ब्रेकरच्या अलीकडे, गो स्लो. "ली नाही!" असा मागून आनंद. मग स्वतःच गप्प झाला. पुढच्या सिग्नलला माझ्या खांद्यावर टकटक. "आई, क्विकची युक्ती. गो क्विक नाही, गो क्विकली. म्हणजे स्लो ॲडव्हर्ब. पण मग ली का नाही लावलं?" मी म्हटलं, पाटी छोटी असेल. (मास्तर, खरं उत्तर काय?)

हॉट चिप्सला चिप्स इज हॉट केलं. मी आर म्हटलं. होम डिलिव्हरीला व्हेरी होम म्हणून खदाखदा हसला आणि "नाउन, ॲडजेक्टिव्हचं काम करणारा" असं पूर्ण वाक्य ठणकावून बोलला, शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी वळून बघितलं. मात्र एका खाणावळीच्या प्युअर व्हेजवर आमचं अडलं. प्युअर कुणाचं? व्हेजचं? आणि व्हेज स्वतः कोण? लक्ष्मी रोड संपेपर्यंत वाद चालू होता. टू लेटच्या पाटीवर तो म्हणाला, कशाला उशीर झाला? ते जागा भाड्याने द्यायचं लेट, हे सांगितल्यावर "म्हणजे व्हर्ब" हे मात्र झटकन आलं.

निवृत्त_मास्तर

शाब्बास! स्लो हा फास्टचाच भाऊ, दोन्ही कामं त्याच रूपात करतो. स्लोली आहेच, पण गो स्लो हेसुद्धा बरोबर इंग्रजी. हार्ड, लेट, अर्ली, स्ट्रेट हेही त्याच घरचे. फक्त हार्डली आणि लेटली यांच्यापासून त्याला सावध करा. ही वर्क्स हार्ड म्हणजे मेहनत करतो, ही हार्डली वर्क्स म्हणजे काही करतच नाही. प्रगतिपुस्तकात हा फरक महाग पडतो.

शब्दखोर

प्युअर व्हेज: व्हेज हा व्हेजिटेरियनचा आपण कापलेला तुकडा. जेवण व्हेज आहे या अर्थी तो ॲडजेक्टिव्ह, आणि मग ॲडजेक्टिव्हला जोर द्यायला ॲडव्हर्ब लागतं, म्हणजे प्युअरली. पण पाटीवर प्युअर व्हेज हा आता आपलाच एक अखंड शब्द झालाय, शुद्ध शाकाहारीचं जसंच्या तसं भाषांतर. मराठीतल्या 'शुद्ध'ला ली लावायची गरज नव्हती, म्हणून प्युअरलाही नाही लावली. शी सिंग्ज गुडचं धाकटं भावंड.

रिकामटेकडा

सुरळीच्या वडीसाठी मीसुद्धा मागे बसायला तयार आहे. हार्डली प्रयत्न करीन.

सातवीची_आई

शेवटचं सांगते आणि धागा सोडते. काल ऑफिसातून मोबाइलवर आलेला मेल घरी बसून पुढे पाठवत होते. हिशेबाचं काम, मार्चअखेर. वर लिहिलं, "प्लीज रिप्लाय अर्जंट." मागे उभा राहून वाचत होता. "आई, रिप्लायच्या पुढे क्विक की क्विकली?" मी म्हटलं, क्विकली. "मग अर्जंटली लिही."

तोवर मेल गेला होता. दोन मिनिटांत साहेबांचं उत्तर आलं: "ओके, डुइंग अर्जंट."